घाट मी चढले नव्हते

आमच्या श्रीरामपूरच्या चर्चमध्ये कन्फेशनसाठी लाकडी जाळी आहे. पलीकडे फादर, अलीकडे आपण गुडघ्यांवर. लहानपणापासून मी तिथे जाते. आईला उलट बोलले, मैत्रिणीचा हेवा केला, प्रार्थनेत लक्ष नव्हतं — सगळं सांगत आले. एक गोष्ट मात्र त्या जाळीपाशीसुद्धा कधी काढली नाही. अगदी जिभेवर यायची — आणि मी तिच्याऐवजी दुसरं एखादं छोटं पाप पुढे सारायची. मोठ्याला आत दडवून लहानग्याला दारात पाठवतात ना, तसं.

मग आज तुम्हाला का सांगते आहे?

कारण ती तुमच्यासमोरच घडली. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी तेव्हा अंगठे दिले, लाल बदाम दिले, मजकूर पुढे पाठवला. तुम्ही साक्षीदार होता, फक्त तुम्हाला ते ठाऊक नव्हतं.

पण त्याआधी मला पप्पांबद्दल थोडं सांगायचंय. टाळते आहे असं वाटेल. — थोडं टाळतेच आहे.

पप्पा छापखान्यात काम करतात. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळेची निकालपत्रकं, हे पोटासाठी. आणि कागद कापून उरलेल्या ज्या पट्ट्या असतात, त्यांच्यावर त्यांची स्वतःची पत्रकं. दारूवर, बुवाबाजीवर, मुलींना सातवीनंतर घरी बसवणाऱ्यांवर. आमच्या घरात कोऱ्या कागदापेक्षा छापलेला कागद जास्त. मी अक्षरं शिकले ती त्या पट्ट्यांवरच. पहिलं अख्खं वाक्य वाचलं ते होतं, ‘बंधुभगिनींनो, आता तरी जागे व्हा!’ दुपारी झोपलेल्या आजोबांच्या कानाशी जाऊन मी ते खणखणीत वाचलं. आजोबा जागे झाले. मला एक धपाटा बसला.

पप्पांची एक रीत होती. मी आठ-नऊ वर्षांची असेन. आमच्या गल्लीतल्या गिरणीवाल्यावर त्यांनी पत्रक काढलं की हा माणूस दळणातलं पीठ मारतो. त्यांनी स्वतः गहू मोजून दिला होता, पीठ मोजून घेतलं होतं, आणि ते कमी भरलं होतं. पुरावाच तो! मग कुणीतरी त्यांना समजावलं की दळताना थोडी घट येतेच, जात्यात राहतं, हवेत उडतं. पप्पांनी दुसऱ्या गिरणीवर जाऊन पाहिलं. तिथेही तेवढीच घट.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चार ओळींचं दुरुस्तीपत्रक छापलं. मला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं आणि जिथे जिथे पहिलं पत्रक टाकलं होतं, त्या प्रत्येक घरी आम्ही गेलो. त्यांचं म्हणणं एकच — ज्या घरात चूक गेली, त्या घरात दुरुस्ती गेली पाहिजे. शेवटी गिरणीत. गिरणीवाला पिठानं पांढरा झालेला. त्यानं वाचलं, हसला, म्हणाला, “जाऊ द्या हो मास्तर. बसा, चहा घ्या.”

पप्पा म्हणाले, “नको. चहा घेतला तर तुम्हाला मला माफ करावं लागेल. मी माफी मागायला नाही आलो. दुरुस्ती द्यायला आलोय.”

छापखान्याच्या भिंतीवर त्यांची सगळी पत्रकं चिकटवलेली आहेत. ते गिरणीचं पत्रकही आहे. फाडलेलं नाही. त्याच्या शेजारी दुरुस्ती चिकटवली आहे.

अशा घरात मी वाढले. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय माझ्याकडे नाही.

माझ्या हाती फोन आला तेव्हा मला वाटलं, ही तर न संपणारी पट्टी! कागद कापायला नको, शाई नको, सायकल नको. आपल्या जिल्ह्यातल्या गाडीवाल्यांचा तो ग्रुप तुम्हाला ठाऊकच आहे. जुन्या मोटारसायकलींचे फोटो, कुणाचा ट्रॅक्टर विकायचाय, कुणाची गाडी चोरीला गेलीय. त्यात मी शिरले आणि धडाधड लिहायला लागले. पेट्रोलचे दिवस भरले. दुचाकी आधी विजेवर जाईल, मग चारचाकी, मग ट्रक. तुमच्या पोरांच्या छातीत धूर भरतोय आणि तुम्ही सायलेन्सरचा आवाज मोजताय. माझी वाक्यं पप्पांच्या पट्ट्यांवरचीच, फक्त विषय नवा.

लोकही काही कमी नव्हते. “ताई, नांगरायला बैल चार्जिंगवर लावू का?” “लाइट रात्री येते आमच्याकडं, गाडी स्वप्नात चालवू का?” मी एकेकाला उत्तरं द्यायची. वाचून पाहिलं की अजूनही त्यातली बरीचशी पटतात मला. हे सांगून ठेवते, कारण मी चुकीच्या बाजूला होते म्हणून खोटं बोलले असं नाही. मी बरोबर बाजूला होते — आणि तरी खोटं बोलले. त्याला काय म्हणायचं?

त्या ग्रुपवर एक गृहस्थ होते. लहानू मिस्त्री, राजूर. एसटीच्या डेपोत जन्मभर डिझेलच्या गाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेले, आता राजूरला दुचाकीचं गॅरेज. ते फार लिहीत नसत. एकदा माझ्या एका लांबलचक लेखाखाली त्यांनी एवढंच लिहिलं — “ताई, गाडी चांगली हाय. पर कंपनीची रेंज सपाटीची असती. आमच्याकडं घाट हाय. चढाचा हिशेब येगळा धरा, न्हाईतर लोकं मधीच अडकतील.”

यात वाईट काय होतं? काही नाही. पण मला त्या दिवसांत प्रत्येक ‘पण’ शत्रूचा वाटायचा. मी उत्तर दिलं, “ज्याचं पोट धुरावर चालतं त्याला स्वच्छ हवेत अडचणी दिसणारच.”

लोक हसले. दोनशेवर बदाम आले. एका म्हाताऱ्या, हात काळे करून जेवणाऱ्या माणसाला मी दलाल ठरवलं, आणि मला बदाम मिळाले.

त्यांनी चिडून काही लिहिलं नाही. “राग नगा धरू. एकदा या. घाट चढून दावा. वर आल्या की चहा माझ्याकडं.”

मी लिहिलं, “येतेच. संगमनेरला एकदाच चार्जिंग करीन. एकदाच.”

फेब्रुवारीत माझी विजेवरची स्कूटर घेऊन निघाले. श्रीरामपूर ते संगमनेर छान गेलं. ऊस भरलेल्या बैलगाड्यांना मागे टाकत, न गुरगुरता — मला स्वतःचाच अभिमान वाटत होता. संगमनेरला एका हॉटेलच्या बाहेर प्लग मिळाला, तिथे लावली. पण ग्रुपवर लोक विचारत होते, “कुठवर आल्या?” आणि मला बसवेना. पूर्ण भरायच्या आतच काढली. राजूरच्या वाटेवरचं अकोले गाव आलं तेव्हा मीटर निम्म्याच्या खाली होतं. तिथे एक तास थांबता आलं असतं. रसवंतीवाला हसून म्हणालाही, “लावायची का ताई गाडी?” पण मी ‘एकदाच’ लिहून बसले होते ना! स्वतःच छापलेल्या शब्दात स्वतः अडकले.

राजूरच्या अलीकडचा घाट सुरू झाला. पहिलं वळण, दुसरं. मीटर डोळ्यांदेखत उतरत होतं. मग गाडी हळू झाली. मग आणखी हळू. शेवटी एका वळणावर ती थांबली — आवाज न करता चालत होती तशीच, आवाज न करता.

ऊन डोक्यावर. मी ढकलायला लागले. ती गाडी किती जड असते, हे जाहिरातीत सांगत नाहीत. वीस पावलांत माझा दम संपला. शेळ्यांमागे एक बाई होती, ती कड्याला टेकून बघत होती. म्हणाली, “करंटवरची गाडी बी दमती व्हय?”

मला रडू आलं, आणि थोडं हसूही.

तेवढ्यात खालून एक पिकअप आला. खाकी सदरा घातलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस उतरला. त्यानं ना मला काही विचारलं, ना गाडीला काही. मागे एक लांब लाकडी फळी कायमचीच ठेवलेली होती, ती खाली लावली. शेळ्यांवाल्या बाईला हाक मारली, “ये गं, हँडल धर.” तिघांनी मिळून स्कूटर फळीवरून वर चढवली, दोरानं बांधली. “ताई, तुमी बसा पुढं. तिला मागं बसू द्या. दमलीया.”

वाटेत ते एवढंच बोलले. “संगमनेरला किती येळ लावली व्हती?” मी सांगितलं. “आन् अकोल्याला?” मी म्हटलं, थांबलेच नाही. त्यांनी मान हलवली. डॉक्टर हलवतात तशी. मी माझं नाव सांगितलं नाही. कशाला सांगा?

पिकअप राजूरला थांबला आणि मी समोरची पाटी वाचली. ‘लहानू मिस्त्री. दुचाकी दुरुस्ती.’

मी सीटवरच बसून राहिले. त्यांनी दार उघडून धरलं आणि म्हणाले, “उतरा ताई. तुमचा चहा ठरल्यालाय.”

म्हणजे त्यांनी वळणावरच ओळखलं होतं. माझा फोटो ग्रुपवर होताच की. मला ओळखूनही, तसं जराही न दाखवता त्यांनी मला सगळा घाट चढवला होता.

त्या दुपारचं काय सांगू? टोमणा नाही. एकसुद्धा नाही. गाडी त्यांच्या गॅरेजात प्लगला लावली. त्यांची मुलगी यमुना, माझ्याच वयाची, तिने नागलीची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. मधे लाइट गेली तेव्हा म्हणाली, “घ्या, आता गाडी बी जेवताना थांबली.” मामा — मी त्यांना तिथेच मामा म्हणायला लागले — गाडीशेजारी उकिडवे बसले आणि मोटर कुठे, कंट्रोलर कुठे, हे विचारत राहिले. मला निम्म्याचीही उत्तरं येत नव्हती. वर्षभर मी ज्या गाडीवरून लोकांशी भांडत होते, तिच्या आत काय आहे हे मला माहीत नव्हतं. त्यांनी खिशातून वही काढली. त्यात त्यांनी आधीच चित्रं काढली होती, कुठून कुठून बघून.

“मी इरोधात न्हाई ताई,” ते म्हणाले. “मी डिझेल शिकाय गेल्तो तवा गावातली लोकं हसायची. आता ही आलीया, ही बी शिकीन. पर चढ त्यो चढच. तुमच्या गाडीचा दोष न्हाई. अकोल्याला तासभर लावली असती तर गानं म्हनत चढली असती. तुमी तसंच लिवा. लोकं तुमचं वाचत्यात. माझं कोन वाचतंय?”

मी म्हटलं, लिहीन.

हे नीट वाचा. मी ‘लिहीन’ म्हटलं होतं. त्यांच्या घरची भाकरी खाऊन, त्यांच्या विजेवर गाडी भरून.

निघताना यमुनाने फोन पुढे केला. पिकअप गॅरेजसमोर थांबला तेव्हाच तिने फोटो काढला होता. मागे दोरानं बांधलेली स्कूटर, पुढे मी, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून. आम्ही दोघी खूप हसलो. राजूरच्या पाटीखाली मी गाडीसोबत उभी राहिले आणि तोही एक फोटो तिने काढून दिला. तो मात्र छान आला.

उतार होता. घाट उतरताना गाडीनं जवळजवळ काही खाल्लंच नाही. संगमनेरला पोचले तरी मीटर भरपूर होतं. त्याच हॉटेलसमोर थांबले. ग्रुप उघडला. पन्नासेक निरोप. “काय ताई, पोचल्या का?” “टोचन लावलं का हो कुणी?” टोचन म्हणजे बंद गाडी ओढून नेणं. “मिस्त्रीनं आरती ओवाळली का?”

काय लिहायचं ते मला माहीत होतं. दोन ओळींचं काम होतं. गाडी घाटात थांबली, कारण मी अकोल्यात थांबले नाही. वर जाणाऱ्यांनी थांबावं. एवढंच. आणि त्यानं माझा मुद्दा पडत होता का? नव्हता! उलट भक्कम होत होता. पण त्या दोन ओळींत मी हरत होते. मुद्दा नाही — मी.

मी राजूरच्या पाटीखालचा फोटो टाकला. खाली लिहिलं, “श्रीरामपूर ते राजूर. घाट चढून आले. संगमनेरनंतर एकदाही चार्जिंग लागलं नाही. ज्यांना चढाची भीती घालायची आहे, त्यांनी घालावी.”

झालं. हेच ते.

मनात मी म्हटलं होतं — मोठं खरं आहे ना, मग एवढं छोटं खोटं त्याच्या पोटात जिरेल. जिरलं नाही. खोटं वर आलं आणि मोठं खरं त्याच्याखाली गेलं. त्या दिवशी ज्या लोकांना पटलं, त्यांना बॅटरी पटली नाही, माझी थाप पटली.

मजकूर कुठल्या कुठे गेला. एका गाड्यांच्या शोरूमनं तो छापून काचेवर लावला. आणि ग्रुपवर सगळे लहानूमामांवर तुटून पडले. “काय मिस्त्री, आता बोला.” “पोट धुरावर ना!” मी वाट पाहत होते. खरं सांगते, दर मिनिटाला फोन उघडून बघत होते. त्यांच्याकडे तो फोटो होता. एक फोटो टाकला असता की माझं नाव, माझे लेख, माझा बाणा — सगळं त्या पिकअपमध्ये बांधलेलं दिसलं असतं.

संध्याकाळी त्यांचं उत्तर आलं. “ताई आल्या होत्या. चहा घेतला. गाडी चांगली हाय.”

बस. त्यात एकही शब्द खोटा नव्हता, आणि एकही माझ्याविरुद्ध नव्हता.

त्याखाली कुणीतरी लिहिलं, “मिस्त्रीला चहा कडू लागला म्हणायचा.” आणि मी — मी त्यावर हसणारा चेहरा टाकला.

थाप एक वेळ घाबरून मारली असं म्हणता येईल. तो हसणारा चेहरा? तो कुणी मागितला होता माझ्याकडे? सुटका झाल्याच्या आनंदात मी ज्यानं सोडवलं त्यालाच हसले. मला झोप न येण्याचं कारण थाप नव्हती कधी. तो चेहरा होता.

महिन्याभरात मामा ग्रुपमधून निघून गेले. मी पाहिलं. काही लिहिलं नाही.

आणि पप्पा? पप्पांनी तो मजकूर जाड कागदावर छापून घेतला आणि छापखान्याच्या भिंतीवर लावला. त्यांच्या पत्रकांच्या रांगेत, माझं पहिलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, “पोरगी नुसती बोलत नाही. करून दाखवते.” गिरणीच्या दुरुस्तीपासून दोन हातांवर तो कागद आहे. मी डबा द्यायला जायचे तेव्हा त्या भिंतीकडे पाठ करून उभी राहायचे.

दोन वर्षं गेली. मग यमुनाचा एक निरोप आला, आवाजाचा. मी तो इतक्यांदा ऐकलाय की पाठ झालाय.

“ताई, मी यमुना, राजूरची. रागानं न्हाई बोलत हां. तुमी लिवलं त्याच्यानंतर वरच्या गावांची लोकं गाड्या घेऊन यायला लागली आन् त्याच वळणावर बसायला लागली. बाबा जायाचे फळी घेऊन. एक मॅडम व्हत्या, शाळेतल्या, मागं बारकी पोरगी, ऊन ह्ये एवढं. त्या बाबांनाच बोलल्या, का वो मिस्त्री, इथं टपूनच बसता का तुमी? चढती म्हनून लिवलंय, तुमीच कायतरी करत असाल. गावात बी लोकं म्हनायला लागली, मिस्त्रीचा शबूद खरा न्हाई. साधी चेन बदलायची सांगितली तरी अकोल्याला जाऊन इचारून यायची. मी म्हनलं बाबा, फोटू टाकते. तर म्हनले, टाकशील तर माझ्याशी बोलू नगंस. पोरगी दमली व्हती, म्हनले. दमल्याल्या मानसाचं तोंड लोकांना दावायचं नसतं. म्हनून टाकला न्हाई. तुमाला धाडते फकस्त. तुमच्याकडं असावा.”

आणि खाली तो फोटो. एरंडेल प्यायलेली मी.

मी काय उत्तर दिलं असेल? जोडलेल्या हातांचं चित्र. दोन वर्षांच्या गप्प बसण्यावर दोन पिवळे हात.

गेल्या महिन्यात मी पुन्हा गेले. घाटाच्या पायथ्याशी चहाची टपरी आहे, तिथे झाडाला पत्र्याची पाटी ठोकलेली दिसली. रंगानं लिहिलेलं, अक्षर थोडं तिरकं. ‘चढाच्या आधी इथं थांबा. चार्जिंग करा. मीटर दाखवील त्याच्या निम्मं धरा. लहानू मिस्त्री.’ तीन स्कूटरी लावलेल्या होत्या आणि एक पांढरी इलेक्ट्रिक कार. कारवाला चहा पीत कुणाला तरी फोनवर सांगत होता, “हो हो, आरामात चढते. खाली भरून घ्यायची फक्त.” टपरीवाल्यानं सांगितलं की प्लग, मीटर, पाटी, सगळं मिस्त्रीनं करून दिलंय. ज्यांना वर ओढून न्यायचे त्यांच्याच गाड्यांवर हात बसवून आता ते इलेक्ट्रिकचंही काम करतात. नाशिककडूनही लोक येतात.

म्हणजे माझं भाकीत खरं ठरत होतं. माझ्या डोळ्यांसमोर, त्या घाटात. आणि ते खरं केलं कुणी? ज्याला मी धुराचा दलाल म्हटलं होतं, त्यानं. मी वाद जिंकला होता. त्यांनी रस्ता केला होता.

मी तासभर थांबले. मग चढले. ते वळण आलं आणि गेलं. गाणं म्हणत नाही, पण चढले.

मामा गॅरेजबाहेर एका स्कूटरची बॅटरी उघडून बसले होते. मला बघून म्हणाले, “या. आज मागं न्हाई बसली जनू ती.” यमुना आतून चहा घेऊन आली. आम्ही मोटरबद्दल बोललो. कंट्रोलर कुठे असतो ते आता त्यांनी मला दाखवलं. मी तीन वेळा तोंड उघडलं, तीन वेळा चहाचा घोट घेतला. शेवटी निघाले. वाटेत पप्पांचं वाक्य आठवलं. चहा घेतला तर त्यांना माफ करावं लागेल. — मी तर दोन्ही खेपांना घेतला.

माझी किंमत एका फोटोएवढी होती आणि तो फोटो ज्यांच्या हातात होता, त्यांनी मुठीत ठेवला. ती मूठ त्यांना महाग पडली. जन्मभर कमावलेला शब्द गावात डागाळला, तरी उघडली नाही. मी आजवर जे काही लिहिलं, ताठ मानेनं लिहिलं, ते त्या मुठीच्या आधारावर. यमुनाच्याही. आणि शेळ्यांवाल्या त्या बाईच्याही, जिचं नाव मी विचारलं नाही. एवढं देणारी माणसं आयुष्यात फार भेटत नसतात. मला घाटातल्या एका वळणावर तिघं भेटली.

आभार मानायला मला दोन वर्षं लागली, कारण आभार मानायचे तर आधी हे सांगावं लागत होतं.

पप्पांना हे छापल्यावरच कळेल. भिंतीवरचा तो कागद मी फाडणार नाही. त्याच्या शेजारी हा चिकटवीन. ग्रुपवर टाकीन, जिथे तो पहिला मजकूर अजून आहे, त्याच्या खाली. त्या शोरूमच्या काचेसाठी एक प्रत आहे, राजूरच्या चौकासाठी काही. चूक कुठल्या कुठल्या घरात गेली हे मला पप्पांसारखं ठाऊक नाही, म्हणून तुमच्याही घरात टाकते आहे.

दुरुस्ती. श्रीरामपूरहून राजूरला गेल्याच्या माझ्या मजकुरात मी घाट चढून आल्याचं लिहिलं होतं. मी चढले नव्हते. माझी गाडी घाटात बंद पडली आणि लहानू मिस्त्री, राजूर यांनी ती आपल्या पिकअपमध्ये घालून वर नेली. चढाचा हिशेब वेगळा असतो. त्यांनी सुरुवातीपासून खरं सांगितलं होतं. चूक माझी.